अख्ख्या गावाचा एक ईमेल

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

पेटी भरली! माझ्या ई-सेवा केंद्राच्या ईमेलची पेटी. आज नाही — १४ जानेवारीलाच भरली, मला आज कळलं. वीस दिवस माझ्या पत्त्यावरचं प्रत्येक पत्र उंबऱ्यावरून परत गेलं आणि मी इथे बसून सातबारे छापत होते. शाबास भाग्यश्रीबाई!

कळलं तेही पोपटराव आबा आले म्हणून. त्यांच्या सायलीचं आरोग्य सेविकेच्या निवड यादीत नाव आहे, डिसेंबरात अख्ख्या केंदूरनं पेढे खाल्लेत. नेमणुकीचं पत्र ईमेलवर येणार आणि वीस फेब्रुवारीच्या आत हजर व्हायचं. आबा म्हणाले, "पाबळच्या एका पोरीला पत्र येऊन पंधरा दिस झालं म्हनं. आपलं कवा यायचं?" मी पेटी उघडली. वर लाल पट्टी.

सायलीचं पत्र माझ्या पेटीत का, तर सवय. फॉर्मवर ईमेलचा रकाना असतो. गावात कुणाकडे ईमेल नसतो, असला तर पासवर्ड आठवत नाही. मग मी केंद्राचा टाकते. पीक विमा, शिष्यवृत्ती, भरती, सगळीकडे. अकरा वर्षं! रकाना रिकामा राहिला की फॉर्म पुढे सरकत नाही आणि मागे दहा माणसं ताटकळत असतात. निम्म्या गावाचा पत्ता मीच आहे.

आबांना म्हटलं, सापडेल. कशाच्या जोरावर म्हटलं?

४ फेब्रुवारी

ब्राउझरमध्ये पेटी उघडते, पण काही शोधायला गेलं की गोल फिरत राहतं आणि मग पांढरं पान. शेवटची पाचशे पत्रं तेवढी दिसतात. सगळ्या पोचपावत्या — "आपला अर्ज मिळाला", "नोंद घेतली" — कुणाच्या, कशाच्या, काही कळत नाही. सायलीचं पत्र त्यात नाही. वेबसाइटबरोबर ही पेटी बसवून देणारा पुण्याचा माणूस फोन उचलत नाही.

भरतीच्या ऑफिसला सतरा वेळा फोन लावला. अठराव्यांदा एक बाई मिळाल्या. "पत्रं जानेवारीत गेली सगळ्यांना. मेल बघा." बघतेच आहे हो बाई! कुठल्या तारखेला गेली? "जानेवारीत." ठेवला.

चौदा तारखेच्या आधी आलं असेल तर आत कुठेतरी आहे. नंतर आलं असेल तर परत गेलं, आणि त्याला जबाबदार मी. दिवसभर हेच डोक्यात.

५ फेब्रुवारी

सुदर्शनला फोन केला. शिरूरला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं. म्हणाला, "ताई, थंडरबर्ड टाका. सगळी पत्रं पीसीवर उतरत्यात. मग नेट असू दे न्हाईतर नसू दे, निवांत शोधा." निवांत म्हणे!

टाकलं. त्यानं सर्व्हर विचारला, पोर्ट विचारला, पीओपी की आयमॅप विचारलं. पुण्याच्या माणसाच्या जुन्या कागदावर पीओपीचं लिहिलेलं होतं, तेच घातलं. पासवर्ड ब्राउझरनंच लक्षात ठेवलेला, मला आठवेना. शेवटी सायलीला विचारला — मी तालुक्याला गेले की केंद्र तीच उघडते, तिला तोंडपाठ आहे. जरा थांबून सांगितला. तरी आठ वेळा "चुकीचा". नवव्यांदा कळलं की कॅप्स लॉक चालू होता.

आणि मग खालच्या पट्टीत आकडा पळायला लागला — ४१,३०६ पैकी १२. मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

६ फेब्रुवारी

९,८४० वर लाईट गेली.

८ फेब्रुवारी, शनिवार

सगळं उतरलं. सायली शोधलं, आरोग्य शोधलं, नेमणूक शोधलं, मराठीत, इंग्रजीत. तिच्या फॉर्मची पावती आहे, परीक्षेचं हॉल तिकीट आहे. नेमणुकीचं पत्र नाही.

मग ब्राउझरमध्ये जाऊन बघते तर तिकडची पेटी रिकामी! तसाच फोन लावला. सुदर्शन फोनवर ओरडलाच, "पीओपी घेतलं? अवो ताई, ते हितं उतरवून घेतं आन् तिकडचं पुसतं! खूण काढायची असती तिथली!" असती, पण मला कुणी सांगितलं होतं का? आता गावाची अकरा वर्षं या एका डब्यात आहेत आणि डबा कुरकुरतो. रडत रडत पेनड्राइव्हवर कॉपी काढली.

ईश्वर रांजणगावच्या कंपनीतून दमून आला. त्याला सांगितलं. "गावाचं वझं तू कशाला उचललं? ज्याचा त्यानं ईमेल काढायचा." अकरा वर्षांनी सुचलेलं शहाणपण! माझ्या नवऱ्याच्या पीक विम्याच्या फॉर्मवरही माझाच ईमेल आहे, तेवढं मी त्याला ऐकवलं.

११ फेब्रुवारी

गिताकाकू, सायलीची आई, केंद्रात येऊन बसल्या. पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाल्या, "भांडगावचं स्थळ हाय गं. इंद्रजीत. घर बरं हाय, बागायत हाय. पन त्येंचं एकच म्हननं — पोरगी नोकरीला लागली तरच सुपारी फोडू. पत्र दावा, तारीख धरू."

हल्ली ही एक नवीनच तऱ्हा. सून कामावर जाणारी हवी, पगार घरात आणणारी हवी, आणि भाकरीही तिनंच थापायला हवी. सायलीला मुलगा पसंत आहे का, विचारलं. काकू म्हणाल्या, "तिला काय इचारायचं? आबांनी सबूद दिलाय."

नोकरी जाणार, सोयरीक जाणार, आणि दोन्ही माझ्या पेटीमुळे. गिताकाकूंनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी जाताना पिशवीतून मेथीची जुडी काढून ठेवली.

सायली काल एकटीच एसटीनं भरतीच्या ऑफिसला जाऊन आली. आबांचा गुडघा धरलाय, त्यांना प्रवास होत नाही. "पत्राची प्रिंट आणा म्हणाले, त्याशिवाय काही होत नाही." एवढंच सांगितलं. वर मलाच समजावते, "ताई, राहू द्या ना आता. किती जिवाला लावून घेता. ते सगळं डिलीट करा आन् नवी पेटी घ्या." पोरीच्या मनाचा मोठेपणा! मला आणखीच भरून आलं.

१२ फेब्रुवारी

प्लगइन. आज दिवसभर हा एकच शब्द. सुदर्शन म्हणतो, नुसत्या थंडरबर्डनं भागणार नाही, त्याला हातपाय जोडावे लागतात.

पहिलं प्लगइन — "तुमच्या आवृत्तीशी जुळत नाही". दुसरं — जुळत नाही. तिसरं बसलं, पण त्याचं बटण कुठे उगवलं ते तासभर सापडलं नाही. चौथं लगेच बसलं. एकासारखी एक पत्रं दोनदा आली असतील तर जास्तीची काढून टाकणारं. म्हटलं, गर्दी कमी होईल, शोधणं सोपं जाईल. बटण दाबलं.

६,११७ पत्रं कचऱ्यात!

सहा हजार जुळी असतील कशी? खुणा बघितल्या. मी फक्त "विषय" जुळवायला सांगितला होता, पाठवणारा नाही, तारीख नाही. सरकारी पत्रांचा विषय एकच असतो गं बाई! "आपल्या अर्जाबाबत." सगळे अर्जाबाबतच लिहितात!

त्या सहा हजारांत सायलीचं पत्र असेल तर? मी आधी नीट शोधलं नसेल तर? पत्र नुसता स्कॅन असेल, नाव चित्रात असेल, शोधून मिळणारच नाही असं असेल तर?

१३ फेब्रुवारी

कचरा चाळतेय, एकेक उघडून. ९०० झाली. डोळ्यांत वाळू.

१५ फेब्रुवारी, शनिवार

६,११७ संपली. नाही.

म्हणजे आलंच नाही. पेटी भरल्यावर आलं आणि परत गेलं. दुसरा अर्थच नाही.

आबांना सांगायला त्यांच्या घरी गेले. ते ओट्यावर बसले होते. ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुझ्या भरवशावर ऱ्हायलो. माझ्या पोरीचं वाटोळं केलंस, भाग्यश्री." आवाज चढवला नाही. आबांनी मला आजवर "बाळ" सोडून दुसरी हाक मारली नव्हती. सायली आत भांडी घासत होती, बाहेर आली नाही. कशाला येईल? माझं तोंड कशाला बघेल?

केंद्राची खोली पंचायतीची. आबांनी सांगितलं, वीस तारखेला अकरा वाजता पंचायतीत ये, सरपंचासमोर काय ते सांग. केंद्र ठेवायचं की काढून घ्यायचं ते तिथेच ठरेल.

१६ फेब्रुवारी

रविवार असून रांग. "माजंबी काय माघारी गेलं का?" — प्रत्येकाचं हेच. काय सांगू? माघारी काय गेलं ते मला दिसतच नाही ना! एकानं तोंडावर म्हटलं, "कुंपनच शेत खातंय." मी दार लावून घेतलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

मी या लोकांचे फॉर्म सणाला, तापात, पोटुशी असतानाही भरलेत. आणि चूकही माझीच आहे. दोन्ही खरं आहे आणि दोन्हीचा काही उपयोग नाही.

१७ फेब्रुवारी

भांडगावकरांचा निरोप आला — पत्र नाही तर राहू दे, आम्ही दुसरी मुलगी बघतो. गिताकाकू आडातून पाणी शेंदावं तशा हुंदके देत होत्या. म्हणाल्या, "आन् ही बया रडत बी न्हाई. दगड झालीय पोरगी." मी दगड केला तिचा.

जेवण जात नाही. ईश्वरनं आज कामावर खाडा केला, माझ्याशेजारी नुसता बसून होता.

१८ फेब्रुवारी

सुदर्शन स्वतः आला, शिरूरहून मोटरसायकलवर. माझा अवतार बघितला आणि सरळ खुर्चीवर बसला. दहा मिनिटांत म्हणाला, "ताई, तुम्ही फक्त इनबॉक्स उतरवलाय. पीओपीत तेवढंच येतं. सेंटचं फोल्डर तिकडं तसंच हाय अजून."

म्हटलं, सेंट म्हणजे मी पाठवलेली. आलेलं पत्र पाठवलेल्यांत कसं सापडेल?

"न्हाई सापडनार. पन तुम्ही त्या ऑफिसला कवा काय पाठवलं, त्यावर त्येंचं काय आलं, एवढं तर कळंल. पंचायतीत हातात कागद तरी असंल." त्यानं तेच खातं दुसऱ्यांदा जोडलं, या वेळी आयमॅप, तिकडचं न पुसणारं. आणि एक प्लगइन टाकलं — आलेलं आणि पाठवलेलं, एका विषयाचं सगळं एकाखाली एक लावून दाखवणारं. ते या आवृत्तीला जुळलं! सुदर्शननं चहासुद्धा घेतला नाही.

सेंटमध्ये १२,९०० पत्रं. उतरतायत.

१९ फेब्रुवारी

१०,४००. उद्या काय बोलायचं ते लिहून काढलं आणि फाडलं. खरं तेवढंच सांगणार. पेटी भरली, मी बघितली नाही. एवढ्या एका वाक्यासाठी दोन पानं खर्ची पडली.

केंद्र गेलं तर जाऊ दे. सायलीची नोकरी कुठून आणून देऊ? उद्या शेवटची तारीख. ऑफिसला आजही फोन लावला, शिवजयंतीची सुट्टी, कुणी उचलला नाही.

२० फेब्रुवारी

सकाळी उतरून झालं. त्या ऑफिसचा पत्ता टाकला. एकाखाली एक तीन पत्रं उभी राहिली.

वर त्यांची १३ जानेवारीची पोचपावती, नाव नसलेली — "आपले पत्र मिळाले, नोंद घेतली". त्याच्याखाली आपल्याकडून गेलेलं, १० जानेवारीचं. मी शिरूरला ट्रेनिंगला होते तो दिवस. "मला ही नेमणूक नको आहे. माझे नाव यादीतून काढावे. कृपया घरच्या फोनवर कळवू नये. — सायली." आणि त्याच्याही खाली, उत्तराला चिकटून, नेमणुकीचं पत्र. इनबॉक्समधलं तिनं पुसलं होतं. पाठवलेलं पुसायचं राहिलं.

आधी संताप आला. सतरा दिवस, कार्टे! मग भांडगावची अट आठवली. नोकरी नाही तर सुपारी नाही. तिला दुसरी वाट कुणी ठेवलीच नव्हती.

प्रिंट काढली होती, ती फाडली. तिचं पाठवलेलं पत्र पुसलं, कचऱ्यातूनही पुसलं. अकरा वाजता पंचायतीत आबांसमोर म्हटलं, पत्र आलंच नाही, पेटी भरली होती, चूक माझी. केंद्राची किल्ली टेबलावर ठेवली आणि चालत घरी आले.