संघमित्राची खिरापत

पिंप्राळा, जळगाव
२४ सप्टेंबर २०२५

ती. कुंदाआत्यास,
दिपमालाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर हे बोलता आलं नसतं, म्हणून पत्र. शिवाय फोनवर तुम्ही रागावलात की ऐकून घ्यावं लागतं. पत्र घडी घालून ठेवता येतं.

माझ्या पहिलीच्या वर्गात यंदा गुलाबाई मांडली आहे. शेवटच्या तासाला आम्ही फेर धरून तिची गाणी म्हणतो. अठ्ठावीस पोरं, अठ्ठावीस सूर आणि एकोणतिसावी मी, बेसूर. दिवसभराचा शीण कुठल्या कुठे जातो. मग हजेरीच्या क्रमाने एकाने झाकलेला डबा वाजवायचा आणि बाकीच्यांनी आतली खिरापत ओळखायची. मारवाडी घरातल्या नवीनचे शंकरपाळे कुणालाच ओळखता येईनात, तेव्हा त्याने काय उड्या मारल्या!

आता चूक सांगते. वर्गात संघमित्रा आहे. सगळ्यांत मोठा आवाज तिचा, सगळी गाणी पाठ. तिच्या घरी बुद्धवंदना होते. देवीची खिरापत मागितलेली घरच्यांना आवडायची नाही, असं मीच ठरवलं आणि तिची पाळी आली तेव्हा पुढचं नाव घेतलं.

काल तिच्या दप्तरावर मुंग्यांची रांग दिसली. मी सगळ्यांदेखत रागावले आणि दप्तर रिकामं केलं. तळाशी स्टीलचा डबा. आत शेंगदाण्याचे बोराएवढे लाडू आणि वर एक मोठा, माझ्यासाठीच असणार. पाळी चुकल्यापासून सहा दिवस ती तो डबा रोज आणत होती. आज फेरात उभी होती, पण तोंड मिटून.

आत्या, तुम्हीच सांगा. मी तिच्या घरच्यांचा मानच राखायला गेले होते ना?

राग आणि लोभ, दोन्ही पाठवा.
तुमची,
दिपमाला


नरडाणा, जि. धुळे
२८ सप्टेंबर २०२५

चि. सौ. दिपमालास,
अनेक आशीर्वाद.

घडी घालण्याआधी पत्र पूर्ण वाच.

मान राखायचा होता तर घरी जाऊन विचारायचं होतंस. स्कूटीवर पाच मिनिटांचा रस्ता. आणि नवीनच्या घरी तरी गुलाबाई कुठे मांडतात? त्याचे शंकरपाळे खाताना तुला हा मान आठवला नाही. तू विचारलं नाहीस, कारण ते चालेल म्हणाले असते आणि मग लाडू खावा लागला असता.

मला कसं कळलं म्हणशील. मीही शाळेत शिकवत होते तेव्हा एका संक्रांतीला वर्गातल्या मुलीने दिलेला तिळगूळ मी पदराला बांधला आणि घरी जाताना वाटेत टाकून दिला. ती मागेच चालत होती. तिचं नाव अजून आठवतं. तिच्या घरी जायची हिंमत मात्र मला कधी झाली नाही.

कोजागिरीला गुलाबाई बोळवाल, त्याआधी जा. बेसूरपणा आपल्या घराण्याचा आहे, त्यात तुझा दोष नाही. हा दोष मात्र तुझा आणि माझा आहे.

माया आहे म्हणून टोचलं, मनात धरू नकोस.
तुझी,
कुंदाआत्या


पिंप्राळा, जळगाव
६ ऑक्टोबर २०२५, कोजागिरी

ती. कुंदाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं त्याच संध्याकाळी गेले. संघमित्राच्या आईची, प्रमिलाबाईंची, दारातच माफी मागितली. त्या म्हणाल्या, गुलाबाई आमच्यात नसते, पण पोरीला गाण्यांचं वेड, म्हणून लाडू वळून दिले. मॅडम विसरल्या असतील, अशी तिची समजूत घातली होती. मी विसरले नव्हते, हे त्यांना स्वतःला पहिल्याच दिवशी कळलं होतं. परत खिरापत आणायची की नाही, हे पोरगीच ठरवेल असंही म्हणाल्या.

त्यानंतर ती रिकाम्या हातांनीच येत होती. आज डबा घेऊन आली. मी तिचं नाव मोठ्यांदा घेतलं. तिने डबा वाजवला. पोरांनी मुरमुरे, फुटाणे, शेव, सगळं सांगून पाहिलं. ती नुसती मान हलवत होती. मग झाकण उघडून तिने एकेकाला लाडू दिला. मोठा लाडू शेवटी माझ्या हातावर ठेवला आणि तिथून हलली नाही. मी तो तोंडात घालून गिळेपर्यंत माझ्याकडे बघत उभी राहिली.

मग गायली. असा आवाज लावला की शेजारचा वर्ग खिडकीत आला. आम्ही पुन्हा फेर धरला, खूप नाचलो. फार आनंद झाला, आत्या. पण ते बघणं डोळ्यांसमोरून जात नाही. तिला अजून जोडाक्षरं येत नाहीत. बाई आपल्या हातचं खातात की नाही, हे बघायला मात्र ती माझ्या वर्गात शिकली.

लोभ राहू द्या, मला अजून त्याच्या लायक व्हायचं आहे.
तुमची,
दिपमाला