लेकीच्या दवाखान्यातलं पाणी

मी, डॉ. पुष्पाबाई मधुकरराव गभणे, वय वर्षे अठ्ठावन्न, व्यवसाय डोळ्यांची डॉक्टरकी, राहणार पवनी, जिल्हा भंडारा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. कोणी धाक घातलेला नाही, कोणी भरीस पाडलेलं नाही. बुद्धी शाबूत आहे. मी रागात आहे हे मात्र खरं. पण रागावलेल्या बाईचं मृत्युपत्र बाद होतं असं कलम आमच्या वकिलांना सापडलं नाही, म्हणून राग पुसून न टाकता लिहिते.

१. माझे पती १९७४ साली वारले. मूलबाळ नाही. यंदा दिवाळीनंतर मला हृदयविकाराचा झटका आला. मी काही न लिहिता मेले तर माझं सगळं सासरकडे, म्हणजे पुतण्या नंदलालकडे जाईल. मी अंथरुणावर असताना तो संत्री घेऊन भेटायला आला आणि जाताना टेप लावून दवाखान्याच्या खोल्या मोजून गेला. त्याला तिथे लॉज काढायचा आहे. चिरंजीव नंदलाल यास मी भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता देते. वीस फुटांवर उभं राहून त्याने तो रोज वाचावा. दुसरं काही मागू नये.

२. मोतीबिंदूचे चाकू, चिमटे, सुया, डोळ्याचा दाब मोजायचं यंत्र आणि माझी सगळी पुस्तकं डॉ. निर्मला हेडाऊ हिला. भंडाऱ्याच्या विणकर घरातली ही मुलगी सहा वर्षं माझ्या हाताखाली आहे. ती रुग्णांवर ओरडत नाही. ते काम मी एकटीने पुरेसं केलं.

कशावर ओरडले तेही लिहून ठेवते. धान कापताना पातं डोळ्याला लागतं. गावातला कोणी शहाणा त्यात शेळीचं दूध पिळतो, दुसरा मध घालतो, आणि बुबुळावर पांढरं फूल पडलं की मग माझ्याकडे येतात: "बाई, पाहा ना काही होते का." काय होणार? दारात शेवगा उभा असतो आणि घरातलं लेकरू दिवेलागणीनंतर भिंतीला धडकतं, कारण पाला त्याला कोणी खाऊ घालत नाही. काचबिंदूचे थेंब बरं वाटलं की बंद करतात. तो गेलेला उजेड परत येत नसतो, हे सांगून माझी जीभ झिजली.

पण सगळ्यात जास्त राग म्हाताऱ्या बायकांपायी आला. म्हाताऱ्याला बैलाचा रंग ओळखू येईना की चार पोरं बैलबंडीत घालून आणतात. म्हातारी चुलीत पडली की आणतात. तेही भाजल्याच्या मलमासाठी. डोळ्यांचं विचारलं की पोरगा म्हणतो, "आता तिले काय पाह्याचं हाय?" हे वाक्य मी तीस वर्षं ऐकत आले. शेवटी माझ्या सख्ख्या भावाच्या तोंडून ऐकलं.

३. माझं माहेर आसगावचं, इथून जवळच. आई गोदावरीबाई थोरल्या गोमाजीदादाजवळ राहते. धाकटा धनीराम शेजारी. आमच्याकडे रीत अशी की लेकीला लेकरू झाल्याशिवाय आईबापांनी तिच्या घरचं पाणी घ्यायचं नाही. मला झालं नाही. म्हणून लग्नापासून आजवर माझ्या आईने माझ्या घरी घोटभर पाणी घेतलेलं नाही. पवनीच्या बाजाराला आली की समोर कृष्णराव धकात्यांच्या लुगड्यांच्या दुकानी ओट्यावर बसायची, त्यांच्याकडचं पाणी प्यायची आणि तिथून मला हाक मारायची. मी हातातलं काम टाकून रस्ता ओलांडायची. आधी हसू यायचं. पुढे आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि हसू गेलं.

मोतीबिंदू काढला की आठ दिवस उताणं पडून राहावं लागतं. माझा दवाखाना आणि माझं घर एकाच छपराखाली. आई म्हणाली, "तुह्या घरी पडून राहू आन् पानी नाही पेऊ, कसं जमन बाई?" डबा घरून आणू दे म्हटलं, तर म्हणाली छप्पर तर तुझंच. १९७८ साली मी आसगावच्या शाळेत शिबिर घेतलं ते निव्वळ तिच्यासाठी. गोमाजीदादा पहिल्या रांगेत येऊन बसला आणि डोळ्यावर वाढलेलं मांस काढून घेऊन गेला. आई आली नाही. शिबिरातलं जेवणपाणी माझ्या पैशाचं होतं.

मग भंडाऱ्याला न्या म्हटलं, नागपूरला न्या म्हटलं. धनीराम म्हणाला, "घरची लेक डॉक्टर असून भाहेर काहून नेलं, असं लोक म्हनतीन." म्हणजे माझ्याकडे आणायचं नाही कारण मी लेक, आणि दुसरीकडे न्यायचं नाही कारण मी डॉक्टर. असा न्याय.

पुढच्या वर्षी उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकून आतल्या आत फुटला. डोळ्याचा दाब चढला, आई डोकं भिंतीवर आपटत होती. भावांनी मला चौथ्या दिवशी कळवलं. मी गेले तेव्हा तो डोळा संपला होता. डाव्याचं तरी पाहू द्या म्हणून मी ओरडले, तेव्हा दादाने ते वाक्य म्हटलं. आईने ऐकलं आणि मान डोलावली. त्या दिवशी मला दादापेक्षा आईचा राग आला. तो अजून गेलेला नाही.

४. आसगावच्या तलावाखालची धानाची बांधी वडिलांनी माझ्या नावे ठेवली. भावांनी हक्कसोड लिहून मागितला, मी दिला नाही. ती बांधी मी गोमाजीदादाची बायको बायजाबाई हिला तिच्या एकटीच्या नावे देते. डाव्या डोळ्यानेही दिसेनासं झाल्यापासून आईला शौचाला नेणारी, ताटात घास कुठे आहे ते सांगणारी तीच. दादाने त्या बांधीत पाय ठेवायचा तर तिला विचारून ठेवावा.

५. राहिली दवाखान्याची इमारत. हीही निर्मलाला, असं मी १२ जानेवारीला या कागदावर लिहिलं. वकील म्हणाले, मृत्युपत्र मेल्यावर लागू होतं, तोवर घर तुमचंच. मी म्हटलं, मग उपयोग काय? ती ओळ खोडली. आठवडाभराने पवनीच्या कचेरीत जाऊन बक्षीसपत्र नोंदवलं. इमारत त्या दिवसापासून निर्मलाची. मी तिथे तिची नोकर, मागच्या खोलीत तिच्या मेहरबानीने राहते. दारावरची पाटीही रंगवून घेतली.

गोमाजीदादा दारात येऊन तणतणला, "घरची इस्टेट परक्याले देल्ली." मी म्हटलं, "दिली. परक्याच्या घरी आईला पाणी चालतं, म्हणून दिली."

मी आसगावला गेले आणि कागद आईला वाचून दाखवला. तिने विचारलं, "मंग आता ते घर कोनाचं?"

"निर्मलाबाईचं."

"तुहं काहीच नाही?"

"खुंटीसुद्धा नाही."

तिने माझ्या हातातला कागद चाचपून पाहिला. मग म्हणाली, "अशी कशी वो तू. आपलं घर देऊन टाकलंस." आणि रडली. मी रडले नाही. तिला जीपमध्ये बसवलं.

डोळ्यावर बॅटरी मारली तर उजेड कुठून येतो ते ती बरोबर सांगत होती, म्हणजे मागचा पडदा शाबूत होता. निर्मला म्हणाली, ताई, मी करते. मी म्हटलं, घर तुझं झालं, हात माझेच आहेत. शस्त्रक्रिया मी केली. सहा वर्षांचा राग अंगात होता, हात हलला नाही. पट्टी बांधून बाहेर आणली तेव्हा आईने पाणी मागितलं. निर्मलाने पाजलं. आई पेलाभर प्यायली आणि आणखी मागितलं.

६. निर्मलाला माझी एक विनंती. अट नव्हे. मोतीबिंदू काढायला पुरुष आला की आधी विचारावं, घरात आई, बायको, सासू कोणी आंधळी बसली आहे का. असेल तर आधी तिला घेऊन ये म्हणावं. ओरडून म्हणावं.

७. इथवर लिहून मी सहीसाठी थांबले. मृत्युपत्र करणाऱ्याची सही होताना साक्षीदाराला ती डोळ्यांनी पाहावी लागते, असं वकील म्हणाले. एका साक्षीदाराचा जाड भिंगाचा चष्मा यायचा होता. तो परवा आला.

ठिकाण : पवनी, जि. भंडारा
तारीख : ६ एप्रिल १९८६

(सही) डॉ. पुष्पाबाई मधुकरराव गभणे

साक्षीदार
१. (सही) कृष्णराव धकाते, लुगड्यांचे व्यापारी, पवनी
२. गोदावरीबाई, राहणार आसगाव, डाव्या हाताचा आंगठा. त्यांनी सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत कृष्णराव धकाते यांनी लिहून घेतलं :

"सही होताना म्या पाह्यली. सही करनारी माही लेक हाय. तिचे केस सारे पांढरे झाले, मले कोनी सांगतलं नाही."