डोळे न पाहणारा डॉक्टर

नागपूर, १२ जानेवारी १९७४

काल सकाळी तांदूळ निवडत होते, तर सून म्हणाली, "आई, खडे राहून राहिले तांदळात. चला, सदरले दवाखान्यात डोळे दाखवून येऊ." गेलो. पण डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारलीच नाही. झोप येते का, जेवण जातं का, मरावंसं वाटतं का, हेच विचारत बसले. मी म्हटलं, सगळं छान आहे.

बाहेर आल्यावर विचारलं, "काहून वं मंदा, हा कोणता डोळ्यांचा डॉक्टर?"

"मनाचा आहे. खरं सांगितलं असतं तर आल्या असत्या काय तुम्ही?"

म्हणजे मला वेडी ठरवून घर मोकळं करायचं? मासिकात वाचलंय मी, उदासी फार लांबली तर तोही आजारच, औषधानं उतरतो. पण ते दुसऱ्यांसाठी. आणि बॅटरी का नाही मारली? निदान नाटक तरी पुरं करायचं.

तरी एक बोचतंय. हे गेल्यापासून मी पहाटेपर्यंत आढ्याकडे बघत पडलेली असते. झोप येते का, हे घरात कोणी विचारलं नाही. विचारलं ते परक्या माणसानं.

आज मंदाला न सांगता एकटीच सदरला गेले. डॉक्टरांना म्हटलं, काल मी खोटं सांगितलं, आता पुन्हा विचारा.