तिसऱ्या काउंटरची रांग

प्रिय दादा,

काही महिन्यांपूर्वी एका दुपारी मी रिकामा काउंटर सोडून मुद्दाम लांब रांगेत जाऊन उभा राहिलो, तिथूनच सांगायला सुरुवात करतो. आमच्या भागात एक मोठं सुपरमार्केट झालंय. आपोआप उघडणारी काचेची दारं, आत भर उन्हातही गारवा, आणि बाहेर पडायच्या वाटेवर बिलाचे चार काउंटर. मला साबण आणि चहा पावडर एवढंच घ्यायचं होतं. पहिल्या काउंटरवर कुणीच नव्हतं, तिथला पोरगा "या सर, इकडे या" म्हणून बोलावतही होता. मी मात्र तिसऱ्या काउंटरच्या गर्दीत शेवटी जाऊन थांबलो. माझ्या पुढच्या बाई वळून म्हणाल्या, "अहो, तिकडे मोकळं आहे की! आणि इथली पोरगी भारी फटकळ आहे हं, आधीच सांगून ठेवते." मी नुसती मान हलवली आणि जागचा हललो नाही.

बाई खोटं बोलत नव्हत्या. पोरगी फटकळच होती. एकाला म्हणाली, "पिशवी हवी तर आधी सांगायचं, बिल झाल्यावर नाही." एका आजींच्या डब्यावरचं किमतीचं लेबल फाटलं होतं, तर त्यांना म्हणाली, "दुसरा घेऊन या, मागे लोक थांबलेत." आजी बिचाऱ्या काठी टेकत परत आत गेल्या. तू हे वाचून म्हणशील, दुकानातल्या पोरीचं गाऱ्हाणं सांगायला याने एवढं पत्र लिहायला घेतलं का? जरा दम धर. केस बारीक कापलेत, डोळ्यांखाली काळं आलंय, म्हणून लांबून मलाही खात्री नव्हती. पण वस्तू उचलताना करंगळी लांब धरायची ती सवय मी एकाच लेकराच्या हाताला पाहिली आहे. लहानपणी दुधाचा पेलासुद्धा ती तसाच धरायची आणि तू तिला राणीसाहेब म्हणून चिडवायचास.

होय दादा, तुझी थोरली. तिचं नाव काढायचं नाही असं तू बजावलंस, म्हणून इथेही काढत नाही. तिचं लग्न ठरल्यावर मुलाकडच्यांनी आपल्याला हॉटेलात जेवायला नेलं होतं, ती संध्याकाळ तुला आठवते का? त्या म्हाताऱ्या वेटरच्या हातून टेबलावर थोडं पाणी सांडलं. होणारे जावईबापू "आंधळा आहेस काय रे?" म्हणाले आणि आपल्या पेल्यातलं उरलेलं पाणी त्याच्या अंगावर ओतलं. त्यांच्याकडचे हसले. आपण ताटात बघून जेवत राहिलो. ती एकटी उठली, त्या माणसाच्या हातात आपला रुमाल दिला आणि परत येऊन बसली. घरी आल्यावर म्हणाली, हे लग्न मी करणार नाही. तू म्हणालास, "वेटरवर ओरडला म्हणून कुणी लग्न मोडतं का गं?" ती म्हणाली, "आज तो होता बाबा, उद्या मी असेन." मग कोण काय बोललं ते तुला मी सांगायला नको. ती अंगावरच्या कपड्यांनिशी गेली, आणि दुसऱ्या दिवशी तू आम्हा सगळ्यांना देवासमोर उभं करून शब्द घेतलास. म्हणालास, मी सांगेपर्यंत तिच्याशी कुणी एक अक्षर बोलायचं नाही, आणि ज्याला बोलायचं असेल त्याने पुन्हा माझा उंबरा चढायचा नाही.

मी शब्द दिला. वडील गेल्यावर मला पाठंगुळी घेऊन ओढा ओलांडून शाळेत पोचवणारा तू. मला न सुटणारी गणितं चुलीच्या उजेडात सोडवून घेणारा तू. देवाला आणि तुला दिलेला शब्द मी कधी वेगळा मानला नाही. पण तिला बघायचं नाही असं काही तू म्हणाला नव्हतास. ही पळवाट आहे हे मला कळत होतं. तरी ती धरून मी त्या रांगेत जाऊ लागलो.

आता त्या दुकानाची रीत ऐक. काउंटरवरच्या प्रत्येकाने गिऱ्हाइकाला नमस्कार करायचा, सर किंवा मॅडम म्हणायचं आणि मोबाईल नंबर विचारायचा. गिऱ्हाइकाने तो तोंडाने सांगायचा, यांनी मोठ्याने परत म्हणून खात्री करायची. मागे सुपरवायझर बाई कान टवकारून फिरत असतात. म्हणजे बघ कसा पेच पडला. तिने माझ्याशी बोललंच पाहिजे अशी दुकानाची ताकीद, आणि मी तिच्याशी बोलायचं नाही अशी तुझी. माझी पाळी आली तशी तिने मान वर केली. तिने मला ओळखलं, दादा. क्षणभर तिचे ओठ हलले. मग म्हणाली, "नमस्कार सर. नंबर सांगा." सख्ख्या काकाला सर! मी खिशातून फोन काढून त्यावरचा नंबर तिच्यापुढे धरला. "तोंडाने सांगायचा, सर. नियम आहे." मी तसाच उभा. मागून एकजण ओरडला, "काय हो, मौनव्रत आहे का? पोरगी इतकं विचारतेय, उत्तर तरी द्या! माणुसकी काही आहे का नाही?" जन्मात मला कुणी उर्मट म्हटलं नव्हतं, ते त्या दिवशी अख्ख्या रांगेने म्हटलं. तिने फोन हातात घेऊन नंबर पाहिला नाही. नुसती बोटं चालवली आणि बिल माझ्यापुढे सरकवलं. माझा नंबर तिला पाठ होता.

पुढे मी दर आठवड्याला जाऊ लागलो. रांगेत उभं राहून माणसं फार दिसतात. कानाला फोन लावून कुणी तिच्याकडे न बघता बोटानेच खुणा करतं. तिने हात पुढे केलेला असताना कुणी पैसे मुद्दाम सामान सरकवायच्या पट्ट्यावर टाकतं. "चल, आटप गं," असं कुणी खेकसतं; आपल्या घरातही तिला असं कुणी बोललं नव्हतं. ती सकाळी बरी बोलते. एखाद्या म्हाताऱ्याची पिशवी स्वतः भरून देते, नाजूक सामान वर, जड खाली. दुपारपर्यंत तिचा आवाज वाळत जातो आणि मग पुढच्या निरपराध माणसालाही ती टाकून बोलते. तिनेच त्या आजींना तसं वागवलं ना, ते मला फार लागलं. वेटरसाठी उठलेली पोर ही. रोजचं अंगावर घेता घेता तीही तशीच होत चालली होती, आणि मी साबणाची वडी हातात धरून बघत होतो.

आमच्या काचा कापायच्या दुकानात काम करताना कधी नाही ते माझ्या हाताला काच लागू लागली. एकदा अंगठ्याला चिंधी बांधूनच रांगेत गेलो. तिने बघितलं आणि पिशवी माझ्या दुसऱ्या हातात दिली. संध्याकाळी देवापुढे बसलो की मी एवढंच विचारायचो, तुझ्यापुढे दिलेला शब्द खरा की हे पोर खरं? देव काही बोलला नाही. त्याच्याकडूनही कुणीतरी शब्द घेतला असावा.

गेल्या शनिवारी माझ्या पुढे एक चांगल्या कपड्यातला गृहस्थ होता. कपड्यांच्या पावडरीवरची सवलत आदल्या दिवशी संपली होती. ती म्हणाली, "सर, आज ती लागू नाही." तो म्हणाला, "बाहेर बोर्ड आहे, तुला वाचता येत नाही का?" ती म्हणाली, "तारीखही त्याच बोर्डावर आहे, सर." खोचकच बोलली, मी नाही म्हणत नाही. तर त्याने ती पावडरीची पिशवी उचलून तिच्या अंगावर फेकली. पिशवी फुटली. तिच्या केसांवर, पापण्यांवर ती पांढरी पावडर, आणि तो ओरडतोय, "घरचे कुठे मेलेत हिचे? कुणी वळण लावलंय की नाही?" सगळी रांग जमिनीकडे बघत होती. मला त्या हॉटेलातली आपली ताटं आठवली.

मी म्हणालो, "घरचे इथेच उभे आहेत." आवाज माझा, पण कुणी दुसराच बोलल्यासारखा वाटला. "मी तिचा काका. वळण आमच्या घरात लावलंय, म्हणून ती अजून तुम्हाला सर म्हणतेय." तो म्हणाला, "मग सांभाळा की तुमची पोरगी," आणि सामान तिथेच टाकून निघून गेला. सुपरवायझर बाई धावत आल्या. मला वाटलं, आता ही रडेल. तिने डोळे पुसले, पट्टा पुसला, माझी साबणाची वडी पुढे ओढली आणि म्हणाली, "नमस्कार सर. नंबर सांगा." मी सांगितला. एकेक आकडा तोंडाने. नियमाप्रमाणे एकेक आकडा ती माझ्यामागून म्हणत गेली, आणि मधेच कुठेतरी तिचा आवाज फुटला.

तिच्या जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी बाहेर ढकलगाड्या लावतात तिथे थांबलो. ती आली ती गळ्यात पडायला नव्हे. "इतके महिने तोंड शिवून उभे राहायचात," ती म्हणाली, "मला वाटायचं, माझी काय दशा झालीय ते बघून बाबांना सांगायला येताय." मी म्हणालो, नाही गं, आणि देवासमोर दिलेल्या शब्दाचं, उंबऱ्याचं सगळं सांगितलं. "बाबांनी पाठवलं?" नाही. "म्हणजे आता तुम्हीही उंबऱ्याबाहेर." आणि मग ती कडवट हसली. ती कुठे राहते ते विचारलं. एका खोलीत चौघी, आणि घरमालकाने त्यांना खोली सोडायला सांगितलीय. आमच्याकडे ये म्हटलं, तर म्हणाली, "तुमची भावाभावांची ताटातूट करून मला कुणाच्या घरी राहायचं नाही." एवढं बोलून कामावर परत गेली.

घरी येऊन आमच्या हिला सगळं सांगितलं. मला वाटत होतं, ही चाट पडेल. तिने फळीवरचा पडदा बाजूला केला. वरपासून खालपर्यंत साबणाच्या वड्या आणि चहा पावडरीचे पुडे. म्हणाली, "एवढा साबण लागायला आपल्या घरी काय पलटण राहते? मी एकदा तुमच्या मागे येऊन बघून गेले. तुमचं तोंड कधी उघडतंय एवढीच वाट बघत होते." मग तीच दोनदा पोरीकडे जाऊन आली. काय बोलली ते मला सांगत नाही. काल संध्याकाळी पोरीने आमच्याकडे यायला होकार दिला, पण एक अट घालून. बाबांपासून लपवून नाही.

म्हणून हे पत्र. तुझी समजूत काढायला मी लिहिलेलं नाही, माफी मागायलाही नाही. मी शब्द मोडला, हे तुला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळू नये एवढ्यासाठी लिहिलं. आज सकाळी देवासमोर उभा राहिलो आणि त्याच्यापुढे दिलेला शब्द त्याच्यापुढेच परत घेतला. त्याचं काही पाप असेल तर ते माझ्या माथी, आमच्या हिच्या किंवा पोरीच्या नाही. तू बोलावल्याशिवाय तुझा उंबरा चढणार नाही, आणि तो न चढता मी म्हातारा कसा होणार ते मला माहीत नाही. हे पत्र वहिनीला मोठ्याने वाचून दाखव. फोनवर ती मला दर वेळी विचारते, तिकडे सगळे बरे ना, आणि माझं उत्तर आल्यावरही फोन ठेवत नाही. तिला सांग, पोर जेवते नीट, थोडी वाळलीय, बोलणं अजून तिखट आहे. देवासमोरून निघालो तो टेम्पो घेऊन तिच्या खोलीवर गेलो आणि तिचं सगळं सामान घरी आणलं.

तुझाच,
धाकटा