टाकीतलं शिळं पाणी

रविवार, संध्याकाळ. गोराई.

सगळ्यांच्या आधी आली कांदिवलीची एक बाई, दोन मुलांना घेऊन. उतरल्या उतरल्या म्हणते, "आजी, हात धुवायला पाणी कुठंय?"

नातीने, प्रीतीने, इथे चाकावरच्या घरांचा कॅम्प लावलाय. आज आलेले हे कॅम्पचे पहिलेच पाहुणे. इथे ना नळ, ना लाइट. सोलरचा पंप विहिरीतून टाकी भरतो, ती दोन दिवस पुरवायची. आणि मी सकाळी सगळी झाडांना ओतली! पाहुण्यांना शिळं पाणी कसं द्यायचं? जन्मभर रोज शिळं ओतून ताजं भरलं, हात आपोआप गेला. नेमकं आभाळ भरलेलं, पंप चालेना.

"आज्जे, वाट लावलीस ना!" प्रीती रडायलाच आली. मी दोरी-कळशी घेऊन विहिरीवर गेले. तर ती बाई मागून आली. "द्या इकडे, तुमचं वय काय!" मुलंही धावली. विहीर ते टाकी रांगच लागली, निम्मं पाणी अंगावर.

आता खांदे वर होत नाहीत, पेनसुद्धा जड लागतंय. शिळं पाणी काय मेलं चावत होतं? पण जाताना प्रीतीसुद्धा हसत होती. पोरं म्हणाली, "आजी, टाकी रिकामीच ठेवा हां." शनिवारी परत येणारेत.