डिकीत काय होतं

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पुलावरच्या नाकाबंदीत काल सगळ्याच गाड्या थांबवत होतो, हे खरं. डिकी उघडायला फक्त तुलाच सांगितलं, हेही खरं. त्यावर तू चारचौघांत विचारलंस, की कागदपत्रं बरोबर आहेत तर संशय कसला. मागचे हॉर्न वाजवायला लागले आणि माझे सहकारी गालातल्या गालात हसायला. कोर्टात टायपिस्ट असलीस म्हणून धाकट्या भावाची एवढी शोभा करायची नव्हती.

संशय कसला होता, ते आता सांगतो. तू आईकडून येत होतीस. बाबांचं भिंतीवरचं घड्याळ तुझ्या डिकीत असणार, अशी माझी खात्री होती. लहानपणापासून चांगलं ते तुझ्याच वाट्याला. माझा जळफळाट झाला, दुसरं काही नाही.

साहेबांनी लेखी खुलासा मागितलाय, तुलाही विचारतील. याच महिन्यात माझ्या बढतीचं ठरायचंय. मी डिकीचं नावच काढलं नाही, एवढं लिहून दे.

मुलांना आशीर्वाद. राग गिळ आणि थोडा लोभ शिल्लक ठेव.

तुझा,
धाकटा

७ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. खोटं लिहून देणार नाही. असले निकाल मी रोज टाइप करते. कागदपत्रं बघायचा तुला हक्क आहे, डिकीला मात्र सबळ संशय हवा, नाहीतर माझी परवानगी. बहिणीचा हेवा हा काही संशय नव्हे. साहेबांना मी कळवलंय, की त्याने विचारलं, मी नाही म्हटलं आणि त्याने डिकीला हात न लावता मला जाऊ दिलं. विचारणं हा गुन्हा नाही. एवढ्यावर तू सुटशील; बढतीचं मला ठाऊक नाही.

आता माझा जळफळाट ऐक. बाबा गेल्यापासून दर रविवारी त्या घड्याळाला किल्ली द्यायला मीच जाते. त्या दिवशी गेले तर भिंत मोकळी. आईने घड्याळ जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलंय. तुला बढती मिळाली की ते तुला द्यायचं, असं म्हणाली. मग तासभर तुझंच कौतुक.

डिकीत स्टेपनीशिवाय काही नव्हतं. ते तू बघितलेलं मला सहन झालं नसतं.

कळावे. लोभ आटू देऊ नकोस.

तुझी,
ताई

ता. क. किल्ली दर आठ दिवसांनी द्यावी लागते. तू विसरशील.