ढवळीशी बोलत जा

आईच्या पायाशी सोपानचा नमस्कार.

चेन्नईत मी बरा आहे, जेवण वेळेवर होतं. गिंडीच्या कारखान्यात पाय ठरत नाही, दूध काढायची मशिनं दुरुस्त करत लांबलांबची खेडी हिंडतोय.

काल एके ठिकाणी मशीन नीट केलं, पण लावायला गेलं की गाय लाथ झाडायची. मालकीण आजी म्हणाली, "तंबी, तिच्याशी बोल की." इकडे पोराला तंबी म्हणतात. गाईशी बोलण्याएवढं तमिळ मला कुठलं? आपल्या ढवळीशी बोलायचो तसं मराठीतच बोललो, तर गप उभी राहिली.

तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. ढवळीला गिऱ्हाईक आलं का? तुझ्या कंबरेला आता धार जमत नाही, कळतं मला. तरी दिवाळीपर्यंत थांब, मी येतो.

विकलीच असेल, तर नेणाऱ्याला एवढं सांग, धार काढताना तिच्याशी बोलत जा.

तुझा
सोपान